तीस दिवसांची नोटीस

आंतरजातीय लग्न करायचं ठरवलेल्या मुलामुलींना सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात नेमकं काय होतं, किती दिवस जातात, त्या दिवसांत घरी काय घडतं, हे सांगणारं मात्र कुणी भेटत नाही. आम्हालाही भेटलं नव्हतं. म्हणून आम्ही ज्या वाटेने गेलो ती इथे लिहिते आहे. मी सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातली, मराठा घरातली. माझा नवरा नांदेड जिल्ह्यातला, बौद्ध. लग्न पुण्यात झालं, विशेष विवाह कायदा, १९५४ खाली.

ओळख सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत झाली. स्पर्धा परीक्षा दिलेल्यांना ती जागा वेगळी सांगायला नको. एक टेबल, एक खुर्ची, डोक्यावर पंखा, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा आणि सकाळपासून रात्रीपर्यंत शांतता. बोलणं व्हायचं ते खाली चहाच्या टपरीवर. तिथे जात लपत नाही. निकालाच्या यादीत नावापुढे प्रवर्ग असतो, कट-ऑफ प्रवर्गवार लागतो आणि पुढचे कित्येक दिवस टपरीवर दुसरा विषय नसतो. अशाच एका निकालानंतर माझी मैत्रीण त्याच्यासमोर बोलून गेली, 'तुमचं बरं आहे, कॅटेगरी आहे.' तो चिडला नाही. म्हणाला, 'माझे वडील सालगडी होते. तुझ्या घरच्या ऊसबिलाचा हिशेब आणि माझ्या बापाच्या सालाचा हिशेब एका वहीत शेजारी शेजारी मांड. मग आपण कॅटेगरीवर बोलू.'

आमच्या घरीही सालगडी होता. त्याचा चहाचा कप गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेला असायचा, घरातल्या कपबशांत तो कधी मिसळत नसे. लहानपणापासून पाहिलेली ही गोष्ट मी तोवर कुणाला सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी टपरीवर त्याला सांगितली. त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग त्याने विचारलं की त्या माणसाचं नाव काय होतं. मला नाव माहीत होतं, त्याच्या पोरांची नावंही माहीत होती. आमच्यातलं जे काही आहे, ते त्या संध्याकाळी सुरू झालं असं मला वाटतं.

आजच्या प्रेमाबद्दल जे लिहिलं जातं त्यात मोबाइलवरची ओळख असते, लिव्ह-इन असतं, ब्रेकअप असतो. तेही खरं आहे. पण पुण्यातल्या पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहणाऱ्या, गावाहून येणाऱ्या पैशांवर महिना काढणाऱ्या मुलामुलींचं प्रेम निराळ्या दबावाखाली वाढतं. त्याला परीक्षेच्या तारखा असतात, वयोमर्यादा असते, आणि मुलगी असेल तर घरून येणारी स्थळं असतात. मुलाच्या परीक्षेची जाहिरात निघायच्या आत मुलीचा बायोडाटा फिरायला लागतो. माझा फिरत होता. त्यात पहिल्या ओळीत '९६ कुळी' लिहिलेलं होतं, शिक्षण त्याच्या खाली. त्याला कर सहायक म्हणून नोकरी लागली, मी एका विमा कंपनीच्या कार्यालयात लागले, आणि आता थांबायचं नाही असं आम्ही ठरवलं.

घरच्यांशी झालेलं सगळं सांगत नाही. आई रडली, आप्पा बोलायचे थांबले, दादाने चौकशी केली ती पगाराची नाही, आडनावाची. एकच गोष्ट सांगते, कारण ती मला अजून लागते. कटगुण आमच्याच तालुक्यात, जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं मूळ गाव. आप्पा ग्रामपंचायतीत होते तेव्हा दर ११ एप्रिलला फुल्यांच्या फोटोला हार घालायला मला सोबत न्यायचे. त्याच जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ ला भटजीशिवाय पहिलं लग्न लावलं, हे मला आप्पांनीच सांगितलेलं. आमच्याकडे समाजसुधारणा शिकवली जाते आणि ती मनापासून शिकवली जाते, यावर माझा अजून विश्वास आहे. म्हणूनच त्यांचं 'ते वेगळं, हे वेगळं' हे वाक्य मला इतकं जड गेलं.

लग्न कसं करायचं यावर बरीच मतं आली. मित्रांनी सरळ आळंदी सुचवली. पुण्याच्या आसपास पळून आलेल्या जोडप्यांचा तोच रस्ता आहे: सकाळी कागद घेऊन जायचं, मंगल कार्यालयात वैदिक पद्धतीने लग्न लावायचं, फोटो काढायचे आणि मग नोंदणी करायची. हिंदू विवाह कायदा, १९५५ बौद्धांनाही लागू होतो, त्यामुळे कायद्याने अडचण नव्हती. अडचण त्याच्या मनाची होती आणि ती मला पूर्ण पटली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करून न घेण्याची प्रतिज्ञा आहे. त्याच्या आजोबांनी ती घेतली आणि घरात पाळली गेली. लग्न लवकर आटपावं म्हणून त्याने होमासमोर बसावं, हे मी मागू शकत नव्हते. इथे एक गोष्ट सांगून ठेवते. काही ठिकाणी विधी न करताच नुसता दाखला बनवून देतात. असल्या कागदावर विसंबू नका. हिंदू विवाह कायद्याखाली विधी झाले नसतील तर केवळ नोंदणीने लग्न होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

त्याच्या आईची इच्छा विहारात मंगल परिणय व्हावा अशी होती. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पण मला असं लग्न हवं होतं ज्यात दोघांपैकी कुणीच दुसऱ्याच्या अंगणात पाहुणा म्हणून उभा राहणार नाही, आणि ज्यात माझं दान कुणी करणार नाही. त्याचे वडील फार शिकलेले नाहीत, पण त्यांनीच वाद मिटवला. म्हणाले, 'साहेबांनीही रजिस्टरच केलं होतं.' ते खरं आहे. डॉ. आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांचं लग्न १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत नोंदणी पद्धतीनेच झालं होतं.

आता प्रक्रिया. लग्न करणार असल्याच्या नोटिशीचा अर्ज नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर भरता येतो, पण मूळ कागद घेऊन दोघांना कार्यालयात जावंच लागतं. यात न्यायालयात जायचं नसतं. दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात नोटिशीच्या आधी सलग ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. माझ्याकडे पुण्यात राहत असल्याचा काही पुरावा नव्हता, कारण कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलीला भाडेकरार कोण करून देतं? त्याच्या खोलीचा नोंदवलेला भाडेकरार होता, त्यावर काम झालं. तुम्ही याच वाटेने जाणार असाल तर आधी एकाच्या नावाने करार करून ठेवा. बाकी वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि फोटो. आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा हुकूम किंवा मृत्यूचा दाखला लागतो.

कागद तपासणाऱ्या कर्मचाऱ्याने वर न पाहता विचारलं, 'आईवडील तयार आहेत का?' मग म्हणाला, 'घरी पत्र जाईल.' आम्ही दोघांनीही कायदा वाचून ठेवला होता, परीक्षेच्या सवयीने कलमंही पाठ होती. एकविसाच्या पुढचा मुलगा आणि अठराच्या पुढची मुलगी यांना कुणाचीही संमती लागत नाही, आणि घरी पत्र पाठवण्याची तरतूद या कायद्यात कुठेच नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये तसं सांगितलेलंही आहे. त्याने अगदी नम्रपणे विचारलं, 'साहेब, कोणत्या कलमाखाली?' पत्राचा विषय तिथेच संपला. आवाज न चढवता कलम विचारणं हे त्या सगळ्या काळातलं आमचं सर्वांत उपयोगी पडलेलं शिक्षण.

पण पत्र गेलं नाही तरी नोटीस जाते. कायद्याच्या पाचव्या आणि सहाव्या कलमात ते लिहिलेलं आहे. तुमचं नाव, अविवाहित की कसे, व्यवसाय, वय, सध्याचा पत्ता, कायमचा पत्ता आणि किती दिवसांपासून राहता, एवढं सगळं कार्यालयातल्या ठळक जागी लावलं जातं. नोटिशींची वही कुणीही येऊन फुकट पाहू शकतो. आणि तुमचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर एक प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते, तिथेही लागते. म्हणजे आमची नोटीस तीन जिल्ह्यांत लागली: पुणे, सातारा, नांदेड. तिथून पुढे ३० दिवस वाट पाहायची, आणि त्या मुदतीत कुणालाही हरकत घेता येते.

नोटिशीत जात नसते. तिची गरजही नसते, आडनावं असतात.

महाराष्ट्रात या कायद्याखालच्या लग्नाची आणि जमिनीच्या दस्ताची नोंदणी एकाच खात्याकडे आहे. साताऱ्यात आमच्या भागातली माणसं त्या कार्यालयात खरेदीखतासाठी, बक्षीसपत्रासाठी रोज असतात. अशाच कुणीतरी फलकावरचा कागद मोबाइलमध्ये टिपला आणि संध्याकाळपर्यंत तो गावच्या ग्रुपवर आला. माझ्या वयाखाली कुणीतरी लाल रेघ ओढलेली होती. मला पहिला फोन घरून आला नाही, वर्गातल्या मुलाचा आला: 'ताई, फोन बंद ठेव.'

हे होणार याची आम्हाला कल्पना होती, म्हणून नोटीस देण्याआधीच राहत्या भागातल्या पोलीस ठाण्यात दोघांच्या सहीचा अर्ज देऊन शिक्क्याची पोच घेतली होती. मी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने लग्न करते आहे, मला कुणी पळवलेलं नाही, आणि आम्हाला धोका वाटतो. अर्जात सर्वोच्च न्यायालयाच्या २७ मार्च २०१८ च्या शक्तिवाहिनी निकालाचा उल्लेख केला. दोन सज्ञान माणसांच्या लग्नात बाहेरच्यांनी आड येणं बेकायदा आहे, हे त्यात आहे. अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष हवा, हेही आहे. ठाण्यातल्या बाईंनी अर्ज नीट वाचला आणि स्वतःचा नंबर दिला. त्या पोचेचा उपयोग पुढे झाला, कारण गावाकडून 'मुलगी बेपत्ता' अशी तक्रार द्यायला माणसं गेली तेव्हा पुण्यातून फोनवर उत्तर तयार होतं.

मी एका सहकारी बाईंच्या घरी राहायला गेले. त्याने खोली बदलली. पुढे मामा आला, दादा आला. बोलणी झाली, हात जोडले गेले, धमक्याही झाल्या. त्यांच्याशी मी भेटले ते कार्यालयाच्या कँटीनमध्ये, चारचौघांत. मामा माझ्यासाठी घरच्या भाकऱ्या आणि खर्डा घेऊन आला होता आणि तोच मामा निघताना म्हणाला, 'त्या पोराला सांग, सांभाळून फिरत जा.' दोन्ही एकाच माणसाने केलं. प्रेम आणि दहशत एकाच पिशवीतून येतात हे ज्यांनी अनुभवलं नाही त्यांना आमच्या घरांमधली ही गोष्ट समजावणं अवघड आहे.

त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त हलवलं ते त्याच्या आईच्या फोनने. तोवर ती माझ्याशी नेहमी मायेने बोलली होती. त्या दिवशी म्हणाली, 'बाई, तू गुणाची हायेस. पर माझ्या लेकराला काही झालं तर मी कुणाकडं बघू?' २०१४ मध्ये नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या दलित मुलाचा गावातल्या मराठा मुलीशी बोलतो एवढ्या संशयावरून खून झाला. पुढे खटल्यातले आरोपी सुटले. माझ्या नवऱ्याच्या आईला वाचता येत नाही, पण ही बातमी तिला तारखेसकट माहीत होती. माझ्या घरी भीती होती ती अब्रूची. त्याच्या घरी भीती जिवाची होती. आम्ही दोघं एकाच कागदावर सही करत होतो, पण जोखीम सारखी नव्हती, आणि सवर्ण घरातून आलेल्या मुलीने हे रोज ध्यानात ठेवायला हवं असं मला कळकळीने सांगायचं आहे. आपला 'घरच्यांशी एकदा शेवटचं बोलून बघते' हा हट्ट त्याच्या अंगाशी येऊ शकतो. मी गावी जायचं नाही असं ठरवलं ते त्या फोननंतर.

मुदत संपायला थोडे दिवस उरले असताना चुलत्यांनी पुण्यात येऊन हरकत नोंदवली. हरकत नुसती तोंडी चालत नाही. ती नोटिशींच्या वहीत लिहून घेतात, गरज पडली तर हरकतदाराला वाचून समजावतात आणि त्याची सही घेतात. आणि ती चौथ्या कलमातल्या अटींवरच घेता येते: दोघांपैकी कुणाचा नवरा किंवा बायको हयात आहे, वय कमी आहे, नातं निषिद्ध आहे, किंवा मानसिक कारणाने संमती देण्याची क्षमता नाही. चुलत्यांच्या अर्जात दोन कारणं होती, मुलीला फूस लावली आहे आणि समाज वेगळा आहे. विवाह अधिकाऱ्यांनी, हे मी मुद्दाम लिहिते, त्यांचं नीट ऐकून घेतलं, आम्हाला बोलावून माझा जबाब एकटीचा घेतला, आणि कायद्यातल्या कोणत्याही अटीचा भंग होत नाही असा लेखी निर्णय दिला. हरकतीवर निर्णय द्यायला त्यांना आणखी ३० दिवस असतात. आमच्या वेळी तेवढे लागले नाहीत. निष्कारण आणि वाईट हेतूने हरकत घेणाऱ्याला जास्तीत जास्त १,००० रुपये खर्च भरायला लावता येतो. ही रक्कम १९५४ सालची आहे आणि आजही तेवढीच आहे.

आळंदीला जाणाऱ्या जोडप्याला अशी नोटीस लावावी लागत नाही. निकाह करणाऱ्यांनाही नाही. धर्म आणि जात ओलांडून जे कायद्याच्या दारात येतात, ज्यांना सर्वांत जास्त संरक्षण हवं, त्यांचाच पत्ता सरकार भिंतीवर लावतं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२१ ला सांगितलं की जोडप्याने मागणी केली तरच नोटीस जाहीर करावी. तो निकाल आम्ही छापून नेला होता. तो दुसऱ्या राज्यातला, इथे चालणार नाही, असं उत्तर मिळालं. पहिलं लग्न लपवून बायकांना फसवणारे पुरुष असतात, ती पडताळणी व्हायलाच हवी, पण ती अधिकाऱ्याने कागदांवरून करावी. त्यासाठी मुलीचा पत्ता तिच्या भावकीपुढे टांगायची काय गरज आहे? ही तरतूद गेली पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या ३० दिवसांत आम्ही आणखी एक केलं. रोज रात्री फोनवर एकेक विषय घ्यायचा आणि तो तडीस न्यायचा. पगारातले पैसे कुणाच्या घरी किती जाणार. त्याच्या आईवडिलांचं म्हातारपण, माझ्या आईचं आजारपण, ती बोलावेल तेव्हा मी जाणार. माझं नाव तेच राहणार. पासपोर्टसाठीही लग्नानंतर नाव बदलावं लागत नाही. माझं कुलदैवत शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव. चैत्रात मला तिथे जायचं असतं. तो म्हणाला, 'मी गाडी चालवीन, वर तू जा.' ६ डिसेंबरला तो चैत्यभूमीला जातो, तिथल्या रांगेत मी त्याच्याबरोबर उभी राहणार. मुलांचं काय? लग्नाने माझी जात बदलत नाही, त्याचीही नाही. मुलांची जात बहुधा वडिलांची धरली जाते, पण ते अटळ नाही, मूल कुठे आणि कसं वाढलं हे पाहावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटलं आहे. आमचं ठरलं की मुलांना दाखला वडिलांचा मिळेल आणि गोष्ट दोन्ही घरांची सांगायची, गोठ्यातल्या कपाचीसुद्धा. अशा बोलण्याला कुणी प्रणय म्हणणार नाही. मला मात्र इतक्या जवळून कुणी कधी ओळखलं नव्हतं.

मुदत संपली, हरकत निकाली निघाली. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न केलं नाही तर ती बाद होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, म्हणून पुढची मिळेल ती तारीख घेतली. तीन साक्षीदार लागतात. एक त्याच्या कार्यालयातला मित्र. दुसरी माझी अभ्यासिकेतली मैत्रीण, तीच, कॅटेगरीचं बोललेली. तिसऱ्यासाठी आम्ही एका सहकाऱ्याला विचारून ठेवलं होतं, आणि आदल्या रात्री माझ्या आत्याचा फोन आला. आप्पांची सख्खी बहीण, कोरेगावला एकटी राहते, तरुणपणी नवरा गेला. म्हणाली, 'माझ्या लग्नात मला कुणी विचारलं नव्हतं. तुझ्या लग्नात सही करायला येते.' सकाळच्या एसटीने आली, एका हातात आधार कार्ड आणि दुसऱ्या हातात साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा खोका.

त्याची आई माझ्यासाठी पांढरी साडी घेऊन आली होती, बौद्ध नवरीची. मी तीच नेसले. कार्यालयात बाकावर आमच्या आधी दोन जोडपी होती. आमचं नाव पुकारलं, आधी आम्ही दोघांनी आणि तिन्ही साक्षीदारांनी घोषणापत्रावर सह्या केल्या, अधिकाऱ्यांनी त्यावर सही केली. मग त्यांनी सांगितलं की आता एकमेकांना उद्देशून म्हणा. कायद्यात तेवढं एकच वाक्य बंधनकारक आहे आणि ते दोघांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत म्हणता येतं. त्याने म्हटलं, मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो. मी म्हटलं, मी तुला माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारते. अधिकारी छापील नमुन्यातलं 'तुम्हाला' वाचून दाखवत होते, आम्ही दोघांनीही 'तू' म्हटलं आणि त्यांनी हरकत घेतली नाही. कुणी मला कुणाच्या हाती सोपवलं नाही. मी स्वतः बोलले आणि लग्न झालं. इतक्या लग्नांत मुलींना मान खाली घालून बसलेलं पाहिलेल्या मला त्या वाक्याचं मोल फार आहे.

दाखल्यांच्या वेगळ्या वहीत दाखला लिहिला जातो, त्यावर सगळ्यांच्या सह्या होतात. लग्न झाल्याचा तो निर्णायक पुरावा मानला जातो. प्रमाणित प्रती जास्त काढून ठेवा, एक पोलीस ठाण्यात द्या, एक स्पीड पोस्टाने घरी पाठवा. आम्ही तसं केलं. त्यानंतर बेपत्ता, फूस, अपहरण हे शब्द कुणी लेखी वापरले नाहीत.

जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून आंतरजातीय विवाहासाठी ५०,००० रुपयांचं अर्थसाहाय्य असतं. आमच्यासारखं, दोघांपैकी एक अनुसूचित जाती-जमातीचा किंवा भटक्या-विमुक्तांपैकी आणि दुसरा सवर्ण असेल तर ते मिळतं. अर्ज केला, उशिरा का होईना पैसे आले, त्यातून घरात गॅस, कपाट आणि पलंग झाला. योजना चांगली आहे. पण जोडप्याला मदत हवी असते ती लग्नाआधी, नोटीस भिंतीवर असते तेव्हा राहायला सुरक्षित जागा आणि एक फोन उचलणारा माणूस.

आई आता येते. आधी आत्याच्या घरी भेटायची, मग आमच्याकडे येऊन राहिली, त्याच्या आईने केलेलं मटण जेवली आणि मसाल्याचं प्रमाण लिहून घेऊन गेली. आप्पा बोलत नाहीत.

चुलत्यांना कुण्या वकिलाने सांगितलं होतं की विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं की मुलीचं नाव एकत्र कुटुंबातून तुटतं. कलम १९ मध्ये तसं आहे खरं. पण १९७६ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम २१-अ प्रमाणे दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर ते लागू होत नाही, वारसा पूर्वीच्याच हिंदू उत्तराधिकार कायद्याने चालतो. जोडीदार मुस्लिम किंवा ख्रिश्चन असेल तर मात्र कुटुंबापासून विभक्त झाल्याचं धरलं जातं, त्या मुलींनी आधीच नीट माहिती घ्यावी. माझा जमिनीतला हक्क त्याच उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने आणि २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने जन्मापासूनचा आहे. हे चुलत्यांनाही कळलं असावं, कारण यंदा दादाने आईच्या हाती हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला.

मी त्यावर सही केलेली नाही. आईला म्हटलं, आप्पांना हवी असेल तर त्यांनी मला फोन करून सांगावं, मग मी विचार करीन. मसुदा कपाटात आहे. आईने निरोप दिला आहे, असं ती सांगते.